घरच्या कॉम्प्युटरवर मॉडेल रेल्वेचा लेआउट काढायचाय? सॉफ्टवेअर निवडताना हे बघा

मॉडेल रेल्वे करायची ठरली की आधी इंजिन बघितलं जातं, मग डबे, आणि रुळाचा विचार सगळ्यात शेवटी येतो. पण आपल्याकडं पैसा खरा अडकतो तो रुळात आणि पॉइंटमध्ये (पॉइंट म्हणजे गाडी एका रुळावरनं दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा). पेको म्हणा, काटो म्हणा, माल बाहेरनं येतो, त्यावर ड्युटी, वर कुरिअर, आणि जोडायला बसल्यावर कळलं की पॉइंट डावा पाहिजे होता आणि आलाय उजवा, तर कोल्हापुरात कुठल्या दुकानात जाऊन बदलून आणणार? म्हणून ऑर्डर टाकायच्या आधी अख्खा लेआउट, म्हणजे रुळांची सगळी मांडणी, कॉम्प्युटरवर काढून, जोडून, मोजून बघायचा. आता त्यासाठी सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं हे लय जण विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकतो.

माझं म्हणणं एकच आहे आणि खालचं सगळं त्याच्याभोवतीच आहे. तुम्ही जो रूळ विकत घेणार आहात तो, त्याच कंपनीचा, त्याच सिरीजचा, ज्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत, म्हणजे त्यातल्या तयार तुकड्यांच्या संग्रहात, बरोब्बर मापात आहे, ते सॉफ्टवेअर तुमचं. थ्रीडी, झाडं, डोंगर, रंगीत स्टेशन हे नंतर बघू.

आधी टेप काढा

सॉफ्टवेअर उघडलं की ते पहिल्यांदा स्केल विचारतं आणि बोर्डाचं माप विचारतं, त्यामुळं या दोन गोष्टी आधीच ठरलेल्या पाहिजेत. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान, आणि रूळ १६.५ मिमी, म्हणजे दोन रेलमधलं अंतर (गेज) तेवढं. ओओ म्हणजे ब्रिटिश, १:७६, पण रूळ तोच १६.५ मिमीचा. एन म्हणजे १:१६०, रूळ ९ मिमी. आपली ब्रॉडगेज खरी १६७६ मिमी, ८७ नं भागलं तर १९ मिमीच्या वर जातं, म्हणजे एचओच्या रुळावर आपली गाडी थोडी अरुंद रुळावर उभी असते. पण सगळे तसंच चालवतात आणि डोळ्याला फारसं खटकत नाही.

आता डब्याची लांबी काढा, कारण वळण किती मोठं पाहिजे ते त्याच्यावर ठरतं. आपला निळा आयसीएफ डबा २१.३ मीटरच्या आसपास, एचओत तो साधारण २४५ मिमी होतो. नवा एलएचबी डबा २३.५ मीटर, म्हणजे २७० मिमी. अनुभवी लोक वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या निदान तिप्पट तरी ठेवा म्हणतात, म्हणजे आयसीएफला ७३५ मिमी. बाजारात मिळणारे सेट-ट्रॅकचे, म्हणजे ठराविक वळणाचे तयार तुकडे बघा, पेकोची पहिली त्रिज्या ३७१ मिमी, दुसरी ४३८, तिसरी ५०५, चौथी ५७१.५. चौथीसुद्धा तिप्पटीला पोचत नाही. तिच्यावर डबा कदाचित पडणार नाही, पण वळणात त्याचा मधला भाग आत आणि टोकं बाहेर अशी येतात की शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासायची भीती असते. हे सगळं मनात धरूनच सॉफ्टवेअर बघायचं, कारण चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये किमान त्रिज्या सेट करता येते आणि त्याच्या आत गेलात की ते दाखवतं.

जागेचं म्हणाल तर बहुतेकजण ८ बाय ४ ची एक प्लाय आणतात, १२२० बाय २४४० मिमी. त्यात २२ इंची त्रिज्येचं, म्हणजे ५५९ मिमीचं पूर्ण वळण बसवलं तर व्यास होतो १११८ मिमी, दोन्ही बाजूला रुळाच्या मध्यापासून कडेपर्यंत राहतं फक्त ५१ मिमी. बसतं, पण कडेला एखादी पट्टी लावाच, नाहीतर गाडी घसरली की थेट फरशीवर. आणि प्लाय भिंतीला टेकवणार असाल तर हात किती आत पोचतो ते मोजा, साधारण अडीच फुटाच्या पुढं रूळ असेल आणि तिथं डबा पडला तर उचलायला कुणीतरी लहान पोर वर चढवावं लागतं. प्लायच्या चारही कडा, दरवाजा कुठं उघडतो, खिडकी, कपाट, सगळं कागदावर मापानं लिहून ठेवा. पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल येते तीही लिहून ठेवा, आपल्या गावात पंचगंगा फुगली की जुन्या घरातल्या भिंती काय होतात ते सांगायला नको.

कुठल्या काळातली रेल्वे करणार

हा प्रश्न सॉफ्टवेअरशी कसा काय जोडलाय असं वाटेल, पण लय जोडलाय. मिरज-कोल्हापूर लाईन कोल्हापूर संस्थानानं केली, १८९१ ला सुरू झाली आणि ती मीटरगेज होती. ब्रॉडगेज आली १९७१ च्या सुमारास. म्हणजे तुम्हाला संस्थानाच्या काळातली वाफेची गाडी करायची असेल तर एचओत मीटरगेजसाठी १२ मिमीचा रूळ लागतो, ज्याला एचओएम म्हणतात, आणि तो टिलिग, बेमो, पेको अशा ठराविक कंपन्याच करतात. मिरज करायचं असेल तर मजा आणखी वाढते. तिथं एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज अशी तिन्ही होती. ही नॅरोगेज खरी ७६२ मिमी, एचओत ती पावणेनऊ मिमीच्या आसपास येते, म्हणून ९ मिमीचा रूळ चालतो. म्हणजे एकाच ड्रॉइंगमध्ये १६.५, १२ आणि ९ असे तीन रूळ शेजारी शेजारी काढायचेत. अशा वेळी एकाच फाइलमध्ये वेगवेगळ्या गेजच्या लायब्ररी उघडता येतात का हे पहिल्यांदा तपासा. मिरज जंक्शनचं मॉडेल करायचं स्वप्न मी कितीतरी जणांकडून ऐकलंय आणि मला ते मनापासून आवडतं, फक्त लायब्ररी बघितल्याशिवाय त्यात हात घालू नका.

महालक्ष्मी किंवा कोयना एक्सप्रेस पळवायची असेल तर सोपं आहे, साधा १६.५ चा रूळ, तो प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे.

कुठली सॉफ्टवेअर आहेत

घरी विंडोज असेल तर जवळपास सगळे पर्याय खुले आहेत. लिनक्स असेल तर जवळपास एक्सट्रॅककॅडच. मॅक असेल तर रेलमॉडेलर प्रो किंवा एक्सट्रॅककॅड. मोबाईलवर हे काम करायच्या नादी लागू नका, स्क्रीन मोठी आणि माउस पाहिजे, टचपॅडवर फ्लेक्स (हवा तसा वाकवता येणारा लांब) रूळ वाकवताना हात भरून येतो. कॉम्प्युटर फार भारी असायची गरज नाही, वरनं बघितलेलं सपाट ड्रॉइंग कुठल्याही जुन्या मशीनवर चालतं, थ्रीडी उघडलं की तेवढं जड होतं.

स्कार्म. बल्गेरियातल्या एका डेव्हलपरनं केलेलं, विंडोजसाठी. फुकटात १०० तुकड्यांपर्यंत लेआउट काढता येतो, त्याच्या पुढं लायसन्स. नवशिक्याला मी पहिल्यांदा हेच उघडायला सांगतो, कारण तुकडा निवडला की पुढच्या टोकाला आपोआप चिकटतो आणि लगेच थ्रीडीत बघता येतो, घरातल्या माणसांना दाखवायला पण बरं पडतं. बोर्डाचा आकार काढता येतो, उंची देता येते, लेयर (एकावर एक ठेवलेले ड्रॉइंगचे वेगवेगळे थर) आहेत, शेवटी सामानाची यादी निघते. एका ८ बाय ४ च्या लेआउटला १०० तुकडे बहुतेक वेळा पुरतात, खास करून सरळ भागात फ्लेक्स वापरलात तर. अमेरिकेतल्या अॅटलस कंपनीचा रूळ घेणार असाल तर त्यांचं फुकटचं प्लॅनिंग सॉफ्टवेअर आहे, ते स्कार्मवरच बनलंय, पण त्यात फक्त अॅटलसचाच रूळ, दुसरा नाही.

एनीरेल. डच कंपनीचं, हेही विंडोजचं. फुकटात ५० तुकड्यांपर्यंत, पुढं पैसे. वापरायला या सगळ्यात सोपं हेच असं माझं मत आहे, लायब्ररी प्रचंड मोठी, आणि फ्लेक्स रूळ ओढताना वळण तुमच्या ठरवलेल्या त्रिज्येपेक्षा जास्त आवळलं की रंग बदलून सांगतं. ही एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण फ्लेक्सवर माणूस हावरा होतो, थोडं अजून वाकवू थोडं अजून वाकवू करत करत ३०० मिमीवर येतो आणि कागदावर ते छानच दिसतं. ५० तुकड्यात पूर्ण लेआउट होत नाही पण सॉफ्टवेअर हाताला बसतंय का ते नक्की कळतं.

एक्सट्रॅककॅड. ओपन सोर्स, पूर्ण फुकट, तुकड्यांची मर्यादा नाही, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं. ज्यांनी कॉलेजात किंवा कामावर कॅड हाताळलंय त्यांना हे आवडणार, आणि आपल्याकडं उद्यमनगर, शिरोली एमआयडीसीत कॅडवर बसणारी पोरं कमी नाहीत. दोन सुटी टोकं दाखवली की मधलं वळण ते स्वतः काढून देतं. सरळातून वळणात जाताना हळूहळू वळत जाणारी संक्रमण वक्रता पण देतं, खऱ्या रेल्वेत असते तशी, आणि लांब डब्यांना त्याचा फार फायदा होतो. किमान त्रिज्या आणि कमाल चढ ठरवून दिला की नियम मोडणारा रूळ वेगळ्या रंगात दिसतो. स्क्रीनवर गाडी पळवून पण बघता येते. दिसायला मात्र जुन्या धाटणीचं आहे आणि पहिले काही दिवस मेन्यू शोधण्यात जातात, तेवढा धीर धरा, मदतीची फाइल वाचा, त्यातली प्रात्यक्षिकं चालवून बघा. पैसे न घालता मोठा लेआउट करायचा असेल तर मी डोळे झाकून हेच सांगेन.

बाकीचं पटकन सांगतो. मॅकवाल्यांना रेलमॉडेलर प्रो चांगलं आहे, त्याची छोटी फुकट आवृत्ती पण येते. विनट्रॅक जर्मन आहे, मार्कलिनसारख्या जर्मन रुळावर काम करणाऱ्यांनी बघावं. थर्ड प्लॅनइट म्हणून एक भारी थ्रीडी कॅड आहे, पहिल्या लेआउटला त्याची गरज नाही. टेम्प्लॉट हे स्वतः हातानं स्लीपर मांडून, रेल ठोकून पॉइंट बनवणाऱ्यांसाठी, ब्रिटिश पद्धतीचं आणि फुकट. ज्याला तयार रूळ घ्यायचाय त्यानं तिकडं जाऊ नये. घरात पोरांची लेगोची रेल्वे असेल तर ब्लूब्रिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पोरांना प्लॅनिंगची सवय लावायला एक नंबर.

क्रॅक केलेली आवृत्ती घेऊ नका. व्हायरसचं तर आहेच, पण लायब्ररी अपडेट होत नाही आणि आपला सगळा खेळ लायब्ररीवर आहे. शिवाय ही सॉफ्टवेअर एकदोन माणसं किंवा छोटी कंपनी वर्षानुवर्षं कष्टानं चालवते, वापरत असाल तर पैसे द्या.

परीक्षा कशी घ्यायची

आता मुख्य भाग. दोन-तीन सॉफ्टवेअर फुकट आवृत्तीत टाकून घ्या आणि सगळ्यात एकच छोटा प्लॅन काढा. तोच प्लॅन सगळ्यात, तरच तुलना होते. मी यासाठी कोल्हापूर स्टेशनच घ्यायला सांगतो, कारण आपलं छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे शेवटचं स्टेशन, पुढं रूळ नाही, आणि शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडवायचा प्रश्न असतो. गाडी आली, इंजिन बफरकडं, म्हणजे रूळ संपतो तिथल्या अडथळ्याकडं, अडकलं. ते सोडवून शेजारच्या रुळावरनं मागं नेऊन दुसऱ्या टोकाला लावायचं. त्यासाठी दोन रूळ, दोन्ही टोकांना एकेक क्रॉसओव्हर (दोन पॉइंट जोडून केलेली, एका रुळावरनं शेजारच्या रुळावर जायची वाट), आणि बफरजवळ इंजिन उभं राहील एवढा छोटा तुकडा. एवढ्याशा प्लॅनमध्ये सॉफ्टवेअरचं सगळं पाणी कळतं.

मापं अशी टाका. पेकोच्या स्ट्रीमलाईन सिरीजचा मीडियम पॉइंट २१९ मिमी लांब, दोन जोडून क्रॉसओव्हर ४३८ मिमी, आणि दोन रुळांमधलं अंतर आपोआप ५१ मिमीच्या आसपास येतं. इंजिनासाठी बफरकडं ३०० मिमी धरा, डब्ल्यूडीएम २ हे डिझेल इंजिन एचओत २०० मिमीच्या जरा आतच बसतं पण डब्ल्यूएपी ७ हे इलेक्ट्रिक धरलं तर २३५ च्या पुढं जातं. मधे पाच आयसीएफ डबे, पाच गुणिले २४५ म्हणजे १२२५, कपलिंगला पन्नासेक मिमी. मग दुसरा क्रॉसओव्हर ४३८. बेरीज करा, २४५१ मिमी. प्लाय २४४० ची. पाच डबे बसत नाहीत, आणि बसले असते तरी बाहेर जायला वळण कुठं करणार? हेच सॉफ्टवेअरमध्ये काढलंत की शेवटचा पॉइंट बोर्डाच्या बाहेर लोंबकळताना दिसतो, तिथंच निर्णय घ्यायचा, की तीन डब्यांची गाडी करू, का भिंतीच्या कडेनं एल आकारात दुसरा बोर्ड जोडू, का सरळ एन स्केलला जाऊ जिथं हे सगळं साधारण ५५ टक्के लांबीत उरकतं. एक इंजिन विकत घ्यायच्या आधी हे कळणं किती मोलाचं आहे बघा.

हा प्लॅन काढताना एवढं टिपून ठेवा. लायब्ररीत पॉइंट शोधायला कॅटलॉग नंबर टाकता येतो का, नंबर पाकिटावरच्या नंबराशी जुळतो का. डावा-उजवा फिरवणं सोपं आहे का. दोन टोकं जुळली नाहीत तर सॉफ्टवेअर फट स्पष्ट दाखवतं का गुपचूप जुळवून घेतं, कारण स्क्रीनवर जुळलेली ३ मिमीची फट प्लायवर जुळत नाही. दोन रुळांच्या मधे प्लॅटफॉर्म घालायचा असेल तर ५१ मिमीत काहीच बसत नाही, तेव्हा एक रूळ बाजूला सरकवून बघा, बाकीचं ड्रॉइंग सोबत नीट हलतं का सगळं विस्कटतं. आणि माप मिमीत आहे का इंचात हे सेटिंगमध्ये जाऊन आधी बघा, अमेरिकन वळणाचं सॉफ्टवेअर असेल तर सुरुवातीला इंच लागलेलं असू शकतं.

हातात एखादा खरा तुकडा असेल तर त्याची परीक्षा सगळ्यात पक्की. सॉफ्टवेअरमधनं तोच पॉइंट खऱ्या मापात प्रिंट करा आणि खरा पॉइंट त्याच्यावर ठेवा. टोकाला टोक लागलं, वळणाला वळण लागलं, की त्या लायब्ररीवर भरवसा ठेवायचा. जिथं लागत नाही तिथं आधी प्रिंटरची सेटिंग बघा, त्याच्याबद्दल खाली लिहिलंय.

चढ आणि पूल

एक रूळ दुसऱ्याच्या वरनं न्यायचा मोह प्रत्येकाला होतो. एचओत गाडी जायला खाली ७५ मिमी तरी पाहिजे, वर प्लायची आणि रुळाखालच्या कॉर्कची जाडी धरली तर ९० मिमीचा हिशोब ठेवा. वर इलेक्ट्रिकच्या तारा दाखवायच्या असतील तर आणखी जास्त. २ टक्के चढानं ९० मिमी चढायला साडेचार मीटर रूळ लागतो आणि उतरायला परत साडेचार. ८ बाय ४ वरचा ५५९ मिमी त्रिज्येचा अख्खा लंबगोल साधारण ६ मीटरचा. म्हणजे चढून उतरायला नऊ मीटर पाहिजेत आणि आहेत सहाच. ३ टक्के केलं तरी सहाचे सहा चढ-उतारातच गेले, स्टेशन सपाट कुठं ठेवणार? वळणात चढ आणखी जड जातो ते वेगळंच. ज्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जोडाला उंची देता येते आणि चढाचा टक्का आपोआप लिहून येतो तेच घ्या, हा हिशोब हातानं करत बसायला लागू नये.

आपल्या लाईनवरचा रुकडीजवळचा पंचगंगेचा पूल मॉडेलमध्ये सगळ्यांनाच पाहिजे असतो, आणि त्याला चढाची काही गरज नाही. रूळ सपाट ठेवायचा आणि नदीच्या जागी प्लाय कापून तळ खाली घ्यायचा. सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाचे दोन तुकडे काढा, मधे नदीएवढी जागा सोडा, त्याच्यावर पुलाचा रूळ, आणि खाली वेगळ्या लेयरवर नदी. लेयर असण्याचा फायदा असा कामाला येतो. मी लेयर नेहमी वेगवेगळे ठेवतो, बोर्ड आणि खालची फ्रेम, रूळ, वायरिंग, देखावा. फ्रेम वेल्डिंग करून घेणार असाल तर फक्त तेवढाच लेयर प्रिंट करून उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरला द्या, रुळाच्या जाळ्यात त्याला चौकोनी पाइप शोधायला लावू नका. आणि पॉइंटच्या बरोबर खाली पाइप येत नाही ना ते ड्रॉइंगमध्येच बघून घ्या, नाहीतर पॉइंटची मोटर बसवायला जागा राहत नाही.

वायरिंगचं एक सांगायलाच पाहिजे. रूळ फिरून परत स्वतःलाच उलट्या दिशेनं येऊन मिळत असेल तर दोन रुळांच्या वीज पद्धतीत तिथं शॉर्ट होतो. सॉफ्टवेअर तो रूळ आनंदानं जोडून देईल, शॉर्टचं सांगेलच असं नाही. प्रिंट काढून डाव्या रेलवर लाल आणि उजव्या रेलवर निळं पेन फिरवत जा, लाल जिथं निळ्याला भेटेल तिथं दोन्हीकडं इन्सुलेटेड जॉइनर (वीज पुढं न जाऊ देणारा रुळाचा जोड) पाहिजे आणि वेगळं वायरिंग.

प्रिंट खऱ्या मापात

हे सुविधेच्या यादीत खाली कुठंतरी लिहिलेलं असतं पण माझ्या दृष्टीनं लायब्ररीनंतर लगेच याचा नंबर. खऱ्या मापाचा प्रिंट प्लायवर चिकटवला की पॉइंट कुठं, मोटरचं भोक कुठं, वायर कुठनं खाली न्यायची, सगळं टाचणीनं टोचून घेता येतं.

८ बाय ४ पूर्ण ए४ वर काढायचं म्हणजे साठ-पासष्ट पानं होतात, कडेचा न छापणारा भाग धरून. तेवढी सगळी काढायची गरज नाही, सरळ रुळाला स्केल पट्टी पुरते, पॉइंटचा भाग आणि वळणाची सुरुवात एवढीच पानं काढा, सॉफ्टवेअरमध्ये पानं निवडता येतात का ते बघून ठेवा. कागद ए४ निवडलाय का बघा, कधीकधी लेटर साइज लागलेली असते. प्रिंटच्या खिडकीत पानात बसवा असला पर्याय असेल तर तो काढून टाका, १०० टक्केच पाहिजे. पहिलं पान आलं की पट्टी लावा, २१९ मिमीचा पॉइंट २१९ च भरला पाहिजे, २१२ भरला तर थांबा, सेटिंग दुरुस्त करा आणि मग पुढची पानं.

नाहीतर पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घ्या आणि इंजिनिअरिंगच्या पोरांची ड्रॉइंग काढून देणाऱ्या प्लॉटरवाल्याकडं जा. ए० रोलवर अख्खा प्लॅन दोन-तीन लांब पट्ट्यांत येतो, आणि जोडपट्टीचा त्रास वाचतो. त्यालाही आधी सांगा की स्केल बदलायचा नाही, आणि ड्रॉइंगमध्येच एका कोपऱ्यात बरोबर १००० मिमीची एक रेघ काढून ठेवा, दुकानातच टेप लावून तपासता येते.

यादी, फाइल आणि पैसे

प्लॅन पूर्ण झाला की सामानाची यादी काढा आणि ती ओळीनं तपासा. फ्लेक्सचे तुकडे सॉफ्टवेअर कसे मोजतं ते बघा, पेकोचा एक फ्लेक्स ९१४ मिमीचा येतो, तुमच्या ड्रॉइंगमध्ये १५०० मिमीची एक लांब रेघ असेल तर ते दोन नग होतात आणि कापून उरलेला तुकडा दुसरीकडं लागतो का ते बघायचं. जॉइनर, इन्सुलेटेड जॉइनर यादीत येतीलच असं नाही, ते हातानं लिहा. पॉइंट प्रत्येकी एक जास्तीचा घ्यायला परवडत नसेल तर निदान डावा-उजवा दोनदा मोजा.

फाइल सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये ठेवाच, पण प्रत्येक मोठ्या बदलानंतर पीडीएफ पण काढून ठेवा, उद्या कॉम्प्युटर बदलला, लायसन्स दुसऱ्या मशीनवर अडकलं, तरी मापं हातात राहतात. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर दर थोड्या वेळानं सेव्ह करत जा, पावसाळ्यात लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. फाइलच्या नावातच तारीख टाका, जुनी फाइल पुसून नवी लिहू नका, कारण चौथा प्लॅन काढल्यावर दुसराच बरा होता असं वाटायची शक्यता खूप असते.

पैसे कधी द्यायचे? फुकटच्या मर्यादेत तुमचा कोल्हापूर टर्मिनस नीट बसला, प्रिंट खऱ्या तुकड्याशी जुळला, आणि पुढचा प्लॅन १०० किंवा ५० तुकड्यांच्या वर जाणारच हे दिसायला लागलं, की त्या दिवशी लायसन्स घ्या, त्याच्या आधी नको. एक पॉइंट चुकीचा मागवला तर जेवढं नुकसान होतं त्याच्याशी लायसन्सची किंमत ताडून बघा, बहुतेकांचं उत्तर तिथंच मिळतं.

आणि जमलं तर प्लॅन पक्का करायच्या आधी पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघून या, भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथं पोरांना गाड्या बघू द्या आणि तुम्ही रूळ बघा, वळणाला डबे कसे वळतायत, दोन रुळांत अंतर किती ठेवलंय, पॉइंटपर्यंत हात कुठनं पोचतो. घरी येऊन तुमच्या ड्रॉइंगमधली तीच ठिकाणं परत उघडा आणि मापं बदलायची असतील तर तेव्हाच बदला, मगच ऑर्डर टाका.